जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यासाठी शिवण

लवकर वाढणारे झाड म्हटले की अनेकांच्या मनात चीड किंवा सुरू येतो. परंतु चीड हा हिमालयाच्या उतारांवरील वृक्ष आहे. सह्याद्रीत तो आपोआप उगवत नाही. सुरू दिसावयास त्याच्यासारखा असला तरी जातीने निराळा व बाहेरून आणलेला आहे. आपल्या रानातील जलद वाढणारा देशी वृक्ष म्हणजे शिवण. त्याचे लाकूड हलके, फिकट पिवळे असून चौकटी व सामानास उपयोगी पडते. मुळांची गणना दशमुळांत होते.

जमीन : या झाडाची वाढ जमिनीवर अवलंबून असते. आहुपे, घाटघर या बाजूंच्या खोऱ्यांतील खोल, ओलावा धरणारी व निचऱ्याची जमीन त्यास मानवते. उथळ मुरमात झाड खुरटते आणि पाणी साचल्यास मरते. पूर्वेकडील कमी पावसाच्या माळरानावर त्याची लागवड करू नये. अशा ठिकाणी कित्येक वर्षे जमीन अडकून पडते व हाती जळणच येते.

रोपे : उन्हाळ्यात गळलेली पिवळी फळे गोळा करून गर काढावा. बिया एक दिवस थंड पाण्यात भिजवून गादीवाफ्यात पेराव्यात. साधारण दोन ते तीन आठवड्यांत उगवण होते. बी ताजे वापरावे.

लागवड : पुढील वर्षी पावसाच्या आरंभी अंगठ्याएवढ्या जाडीची रोपे उपटून, खोड बोटभर व मूळ वीतभर ठेवून जडी तयार करावी. पहारेने भोक पाडून ती घट्ट लावावी. दहा फुटांवर लावल्यास एकरी सुमारे ४३५ झाडे बसतात.

निगा : शिवणीस सावली सोसत नाही, म्हणून पहिली दोन वर्षे तण काढावे. गुरे पाला आवडीने खातात, तेव्हा कुंपण केल्याशिवाय लागवड करू नये. पावसाळ्यात भुंगेरे व त्यांच्या अळ्या पाने आणि कोवळा शेंडा खातात. सलग शिवणीत हा उपद्रव वाढतो, याकरिता मधून मधून जांभूळ, ऐन लावावेत.

हिरडा तोडून मात्र शिवण लावू नये. बाळहिरड्यापासून दरवर्षी पैसा मिळतो. शिवणीचा पैसा तोडणीच्या वेळीच मिळतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम जमिनीत खड्डा खणून खोली पाहावी आणि मगच लागवडीचा सल्ला द्यावा. तोडणीपूर्वी वन विभागाकडे नियमांची चौकशी करण्यास शेतकरीबंधूंनी विसरू नये.