बर्फाच्या मुलखातली भाजीची खोली

लडाख हा आपल्या देशाच्या अगदी उत्तर टोकाचा मुलूख. २०१९ सालापासून तो वेगळा केंद्रशासित प्रदेश आहे. त्यातले मोठे गाव लेह. ते समुद्रसपाटीपासून सुमारे ११,५०० फूट उंच आहे. आपले कळसूबाईचे शिखर सुमारे ५,४०० फूट. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली, तरी लेहला पोचायला कमीच पडेल!

तिथे पाऊस फार थोडा. वर्षाकाठी सुमारे चार इंच. आणि थंडी अशी, की पारा शून्याच्या खाली २० अंशांपर्यंत जातो. शून्याला पाणी गोठते, हे आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा तिथे ओढे गोठतात, घरातल्या हंड्यातले पाणी गोठते. शेत पिकते ते उन्हाळ्याचे चार-पाच महिने. पुढे जमीन दगडासारखी होते. डोंगरातले रस्ते बर्फाने बंद पडतात. हल्ली ते पूर्वीपेक्षा लवकर मोकळे होतात, विमानानेही भाजी येते. पण विमानातून आलेली भाजी गरिबाच्या ताटात कितीशी पडणार? बटाटे, गाजरे, सलगम जमिनीतल्या खड्ड्यात ठेवायचे, पाला उन्हाळ्यात वाळवून ठेवायचा, आणि त्यावर दिवस काढायचे, अशी तिथली जुनी रीत. लहान पोरांना, पोटुशी बाईला महिनोन्‌महिने हिरवे पान मिळत नसे.

आमच्या शाळेतला एक मुलगा फौजेत होता. त्याने लेहकडे दोन हिवाळे काढले. रजेवर आला की आधी मळ्यात जाई आणि मेथीची कोवळी पाने तशीच खाई. लोक हसत. आम्हाला मात्र त्यावरून तिकडच्या हिवाळ्याची कल्पना आली.

पण लडाखात एक गोष्ट भरपूर आहे. ती म्हणजे ऊन. आभाळ बहुतेक दिवस निरभ्र असते. हिवाळ्यातसुद्धा दुपारी चांगले ऊन पडते. पण ते टिकत नाही. सूर्य डोंगराआड गेला की ऊब गेलीच. ती रात्रभर धरून ठेवता आली, तर पौषातही पालक उगवेल. तिथल्या लोकांनी हेच साधले. फौजेची एक संशोधनशाळा लेहला १९६२ सालापासून आहे, तिने या कामी मदत केली. पुढे स्वयंसेवी संस्थांनीही केली. सरकारनेही केली.

आता ही ऊब धरायची कशी? आपली गोधडी आठवा. गोधडीत काही विस्तव नसतो. ती ऊब देत नाही, आपल्या अंगची ऊब बाहेर जाऊ देत नाही. जुनेरांच्या थरांत हवा अडकून बसते. ती अडकलेली हवा उबेला वाट देत नाही. भाजीच्या खोलीच्या भिंती म्हणजे मातीची गोधडीच समजा.

खोली लांबट बांधतात. घरगुती खोली साधारण १५ फूट रुंद आणि ३० फुटांच्या आसपास लांब असते. तिचे तोंड दक्षिणेला. कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो. आपल्याकडेही मार्गशीर्षात सावल्या उत्तरेला लांब पडतात, पाहा. लेहला तर तो भर दुपारीही आभाळात खालीच असतो. म्हणून जागा निवडताना आधी डोंगराची सावली बघायची. सकाळी नऊपासून तीनपर्यंत ऊन मिळत नसेल, तर तिथे खोली बांधून उपयोग नाही.

पूर्व, पश्चिम आणि उत्तर या तीन बाजूंना कच्च्या विटांच्या भिंती. पण भिंत एक नव्हे, दोन. बाहेरची एक, आतली एक. मधे चार इंचांची फट. त्या फटीत पेंढा, वाळके गवत किंवा लाकडाचा भुसा भरतात. तो कोरडा ठणठणीत हवा. ओला पेंढा म्हणजे भिजलेली गोधडी, काही कामाची नाही. आतली भिंत दिवसा तापते आणि रात्री हळूहळू ऊब सोडते. मधल्या पेंढ्यामुळे ती ऊब बाहेर न जाता आतच येते. पाठची भिंत आतून काळी रंगवतात. काळी छत्री उन्हात किती तापते, ते हात लावला म्हणजे कळते. तोच गुण इथे कामी येतो.

पाठीकडच्या अर्ध्या भागावर छप्पर. पॉपलर नावाच्या सरळ झाडाचे वासे, त्यावर वाळुंजाच्या जातीच्या बारीक फांद्या, वर पेंढा आणि माती. दक्षिणेकडचा उतार मात्र सगळा प्लॅस्टिकच्या पारदर्शक कागदाचा. त्यातून ऊन आत येते, पण तापलेली हवा बाहेर जात नाही. विकत आणायचा जिन्नस मुख्यतः हाच, म्हणून लोक इथेच हात आखडतात. ते चुकीचे आहे. साधा कागद उन्हाने एखाद्या वर्षात कडकतो आणि फाटतो. उन्हाला टिकेल असा जाड कागद पाच वर्षे जातो.

दार बाजूच्या भिंतीत, वारा लागणार नाही असे. एक झडप खाली, एक वर छपरात. या झडपांना क्षुल्लक समजू नये. बाहेर बर्फ असले तरी दुपारी आत भाजी कोमेजेल इतके तापते. शिवाय पानांचा दमटपणा कोंडतो, मग बुरशी येते, मावा येतो. थंडीच्या भीतीने नवखा माणूस झडपा उघडतच नाही, आणि पीक घालवतो. दुपारी झडपा उघडायच्या, ऊन कलायच्या आधी लावायच्या. पाणी सकाळी द्यायचे, तेही आत पिंपात ठेवलेले. बाहेरचे बर्फाळ पाणी मुळांना सोसत नाही.

सर्वांत मोठे काम संध्याकाळचे. ऊन उतरले की कागदावर जाड कापड किंवा घोंगडी पसरायची. सकाळी ऊन कागदावर आले की लगेच काढायची. हे रोज, चार महिने. एक रात्र विसरले आणि कडाका पडला, तर पानातले पाणी गोठते. दुसऱ्या दिवशी पान उकडल्यासारखे होऊन काळे पडते. पालक थोडी थंडी सोसतो, टोमॅटो मुळीच नाही. निफाडकडच्या द्राक्षवाल्यांना हे सांगायला नको. कडाक्याच्या पहाटे ते बागेत शेकोट्या करून धूर करतात.

ज्याला भिंती परवडत नाहीत, तो चर खणतो. ३० फूट लांब, १० फूट रुंद, ३ फूट खोल. तळाशी भाजी लावायची, वर वासे टाकून कागद पसरायचा. जमिनीच्या पोटात ऊब असते. थंडीच्या पहाटे आपल्या विहिरीचे पाणी कोमट लागते, ते याचमुळे. हा चर फार स्वस्त पडतो. पण आत वाकून काम करावे लागते, आणि चराच्या काठाची सावली पिकावर पडते. आमच्या मते ज्याला जमेल त्याने खोलीच बांधावी.

आपल्याकडे हल्ली ढोबळी मिरचीची पॉलिहाऊस दिसतात, तीही कागदाचीच. पण आपल्याकडे उष्णता बाहेर घालवायची चिंता, तिकडे ती आत ठेवायची.

या खोलीत हिवाळाभर पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा आणि कांद्याची पात येते. घरात खाऊन उरलेली जुडी बायका लेहच्या बाजारात विकतात. थंडी सरत आली की तिथेच कोबी-टोमॅटोची रोपे करतात. बाहेरची जमीन मोकळी होते तेव्हा रोप वीतभर झालेले असते. उन्हाळा इतका आखूड, की हे तीन-चार आठवडे त्यांना फार मोलाचे. पुढे उन्हाळ्यात त्याच खोलीत काकडी आणि टोमॅटो लावतात, आणि तेव्हा झडपा रात्रीही उघड्या राहतात.