क्लच आणि फ्लायव्हील : जोर किती, जपणूक किती?

समजा आपण पालमला गंगाखेड रस्त्यावरच्या एखाद्या गॅरेजासमोर उभे आहोत. समोरून उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर डुलत डुलत चालला आहे. त्याच्या मागून एस.टी. येते आहे. इतक्यात एक तरुण आपली मोटार घेऊन गॅरेजात शिरतो. त्याने इंजिनात सुधारणा करून मोटारीची ताकद वाढवून घेतलेली आहे. पण तक्रार अशी : “मामा, ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी काही पळंना!”

मिस्त्री न पाहताच सांगतो, “दादा, क्लच स्लिप मारतोय.”

त्या तरुणाला आता नवा, दणकट क्लच हवा आहे. शिवाय कोणीतरी त्याला सांगितले आहे, की फ्लायव्हील हलके केले की गाडी वाऱ्यासारखी धावते. हे खरे आहे का? आणि खरे असेल तर मोटार बनविणाऱ्यांनीच ते हलके का केले नाही? चला, थोडे गणित करून पाहू.

जात्याची तळी आणि मोटारीचे चाक

इंजिनातील दट्ट्याला चार धावांपैकी एकाच धावेत स्फोटाचा धक्का मिळतो. उरलेल्या तीन धावा पार पाडायला साठवलेली ऊर्जा लागते. ती साठविणारे जड चाक म्हणजे फ्लायव्हील. कुंभाराचे चाक किंवा जात्याची वरची तळी हीसुद्धा एक प्रकारची फ्लायव्हीलेच. हात क्षणभर थांबला तरी तळी फिरत राहते.

आपल्या उदाहरणातील फ्लायव्हील ८ किलोग्रॅम वजनाचे आणि १४ सेंटिमीटर त्रिज्येचे आहे असे धरू. सपाट चकतीचे जडत्व काढायचे म्हणजे वस्तुमानाला त्रिज्येच्या वर्गाने गुणायचे आणि निम्मे करायचे. उत्तर येते ०·०७८. मिनिटाला ३,००० फेरे घेताना या चाकात सुमारे ३,९०० जूल ऊर्जा साठते. गंमत अशी, की १,००० किलोग्रॅमची मोटार उभ्या अवस्थेतून ताशी १० किलोमीटर वेगाने चालवायलाही जवळजवळ तेवढीच ऊर्जा लागते! पण इंजिन नुसते गुरगुरत असताना, म्हणजे ८०० फेऱ्यांना, याच चाकात केवळ २७५ जूल असतात. म्हणूनच नवशिक्या चालकाने ॲक्सिलरेटर न देता क्लच सोडला की गाडी गचका खाऊन बंद पडते.

तीन किलो की चौसष्ट किलो?

आता हे चाक ५ किलोग्रॅमचे केले तर? तीन किलो कमी होण्याने काय मोठा फरक पडणार, असे वाटेल. पण फिरणारे तीन किलो आणि डिकीत ठेवलेले तीन किलो सारखे नव्हेत. पहिल्या गिअरमध्ये मोटारीचे चाक एकदा फिरते तेव्हा इंजिन सुमारे १४ वेळा फिरते. या संख्येचा वर्ग हिशेबात येतो. मोटारीच्या चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर धरली तर पहिल्या गिअरमध्ये हे तीन किलो काढणे म्हणजे गाडीतून सुमारे ६४ किलोचा एक माणूस खाली उतरविण्यासारखे आहे!

मात्र वरच्या गिअरमध्ये हे प्रमाण १४ ऐवजी ४ असते. तिथे तोच फायदा जेमतेम ५ किलोंवर येतो. म्हणजे हलक्या चाकाचा लाभ सुटतानाच, मोकळ्या रस्त्यावर जवळजवळ नाही. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतील वेगाच्या शर्यती झाल्या आहेत. अशा ठिकाणी क्षणाक्षणाचे मोल असते. बाजाराच्या दिवशी बैलगाड्या, सायकली आणि शेळ्या यांतून वाट काढणाऱ्याला मात्र इंजिन थरथरत राहण्याचा आणि वारंवार बंद पडण्याचा त्रासच अधिक.

उसाच्या ट्रॅक्टरचे पाहा. त्याला झटपट वेग नको, पण चिखलात रुतलेली ट्रॉली काढताना इंजिन दबू नये म्हणून जड चाकच हवे. एकाला जे औषध, ते दुसऱ्याला विष!

क्लचची पकड कशाने वाढते?

क्लच म्हणजे घर्षणाच्या बळावर चालणारा दुवा. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्या चिमट्यात अस्तर लावलेली क्लच प्लेट असते. तिला दोन बाजू, म्हणून घर्षणाचे पृष्ठभागही दोन. मिस्त्री ज्याला ‘टॉर्क’ म्हणतात तो पीळ किती पेलेल हे चार गोष्टींवर ठरते : पृष्ठभागांची संख्या, घर्षणांक, स्प्रिंगचा दाब आणि अस्तराची सरासरी त्रिज्या. या चारांचा गुणाकार केला की उत्तर मिळते.

पृष्ठभाग २, घर्षणांक ०·३, दाब ४,००० न्यूटन आणि त्रिज्या ९ सेंटिमीटर घेतली तर क्लच २१६ न्यूटन-मीटर पीळ पेलतो. मूळ इंजिनाचा पीळ १५० होता, तेव्हा चांगली राखीव ताकद होती. आता इंजिन २०० देते. अस्तर थोडे झिजले किंवा तापले की घर्षणांक उतरतो आणि क्लच घसरतो. आपल्या तरुणाचे दुखणे हेच.

सुमारे तीस टक्के राखीव धरली तर २६० न्यूटन-मीटरचा क्लच हवा. त्यासाठी स्प्रिंगचा दाब ४,८०० न्यूटनांच्या आसपास न्यावा लागेल, म्हणजे वीस टक्के अधिक. पेडलही तेवढेच जड होईल. दुसरा मार्ग म्हणजे अधिक घर्षणांकाचे, धातू व सिरॅमिक यांचे अस्तर. ते उष्णता सोसते, पण हळुवार पकडत नाही, एकदम चावते. तिसरा मार्ग म्हणजे दोन प्लेटांचा क्लच. पृष्ठभाग चार झाले की पकड दुप्पट, आणि खर्चही वाढतो.

“मग सर्वांत दणकटच घ्यावा!” असे म्हणाल तर थांबा. घरातल्या विजेच्या फ्यूजप्रमाणे क्लच हा थोडासा संरक्षकही आहे. अचानक मोठा धक्का आला तर तो किंचित घसरतो आणि गिअर वाचतात. फाजील दणकट क्लच घातला तर तोच धक्का गिअरच्या दात्यांवर आणि ॲक्सलवर जातो. स्वस्तातली प्लेट वाचते आणि महागाचा गिअरबॉक्स जातो!

उष्णतेचा हिशेब

पाय अर्धवट क्लचवर ठेवून चढावर गाडी धरून ठेवण्याची अनेकांना सवय असते. ६० न्यूटन-मीटर पीळ आणि सेकंदाला १५० रेडियनांचा वेगातील फरक धरला, तर ९,००० वॅट उष्णता निर्माण होते. एक किलोवॅटच्या नऊ शेगड्या एका थाळीएवढ्या जागेत पेटवाव्यात तशी! अर्ध्या मिनिटात २,७०,००० जूल. त्यातील निम्मी उष्णता फ्लायव्हीलमध्ये गेली तर ८ किलोचे चाक सरासरी ३७ अंशांनी तापेल आणि ५ किलोचे ५९ अंशांनी. प्रत्यक्ष घासणारा पृष्ठभाग याहून कितीतरी अधिक तापतो. म्हणजे फ्लायव्हील हे ऊर्जेचेच नव्हे, तर उष्णतेचेही कोठार आहे. ते लहान केले की अस्तर लवकर जळते.

येथे मात्र काटकसर नको

फ्लायव्हील हलके करण्याचा एक सोपा मार्ग काही जण सांगतात : जुने बिडाचे चाक लेथवर चढवा आणि कातून काढा. मित्रांनो, हा मार्ग जिवाशी खेळ आहे. ६,००० फेऱ्यांना चाकाचा कडेचा भाग सेकंदाला ८८ मीटर वेगाने धावत असतो. पातळ कड्यात त्यामुळे सुमारे ५६ मेगापास्कल ताण येतो. फेरे दुप्पट झाले की ताण चौपट. बीड ठिसूळ असते. ते वाकून इशारा देत नाही, एकदम तडकते. त्यात उष्णतेच्या बारीक भेगा असल्या तर विचारायलाच नको. फुटलेले तुकडे पत्रा भेदून चालकाच्या पायापर्यंत येऊ शकतात. म्हणून हलके चाक घ्यायचेच तर घडीव पोलादाचे, संतुलन तपासलेले आणि किती फेऱ्यांपर्यंत चालेल याची खात्री दिलेले घ्यावे.

दुसरा धोका धुळीचा. पूर्वी क्लचच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस वापरीत. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर अनेक वर्षांनी कर्करोगही होऊ शकतो. जुना क्लच उघडताना हवेच्या नळीने धूळ कधीही उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी.

तिसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२व्या कलमानुसार नोंदणीपत्रातील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. वाहनांच्या चाचण्यांसाठी पुण्यात १९६६ पासून ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था काम करीत आहे. इतक्या तपासण्यांनंतर ठरलेली रचना बदलण्याआधी दहादा विचार करावा.

मिस्त्रीचा सल्ला

आपला मिस्त्री त्या तरुणाला काय सांगेल? “दादा, फ्लायव्हील मूळ वजनाचंच राहू द्या. फक्त भेगा आहेत का बघू. स्प्रिंग वीस टक्के कडक घेऊ. अस्तर साधंच, मधे धक्के गिळणाऱ्या स्प्रिंगा असलेली प्लेट. आणि पाय क्लचवर ठेवून गाडी चालवायची नाही!” आपल्या हिशेबाशी हा सल्ला तंतोतंत जुळतो.

करून पाहा : पुठ्ठ्याच्या दोन सारख्या चकत्या कापा. मध्यभागी पेन्सिलीचे तुकडे खोचून भिंगऱ्या बनवा. एकीवर चार नाणी मध्याजवळ आणि दुसरीवर तशीच चार नाणी कडेला, समोरासमोर चिकटवा. दोन्हींचे वजन सारखेच आहे. आता दोन्ही फिरवा. कोणती फिरवायला जड जाते? कोणती अधिक वेळ फिरते? वजन किती यापेक्षा ते कोठे आहे हे का महत्त्वाचे, ते तुमच्या बोटांनाच कळेल.