हिंगण्याची वाट

मंडळी, गेल्या रविवारी पावसामुळे मराठी वर्गाला चारच मुले आली. वाल नदीच्या पुलावर सायकल हाकताना मीही कुरकुरत होतो. तेव्हा अण्णासाहेब कर्वे आठवले.

विधवांसाठी त्यांनी १८९६ साली पुण्यात आश्रम काढला. प्लेगमुळे १९०० साली तो गावाबाहेर हिंगण्याला, झोपडीत न्यावा लागला. अण्णासाहेब फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत. तास आटोपले की चिखल तुडवत पायी हिंगण्याला जात.

चिखलापेक्षा माणसे कठीण. १८९३ मध्ये विधवेशी लग्न केले म्हणून मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला होता. अशा माणसाच्या शाळेला वर्गणी कोण देणार? तरी ते मागत राहिले. पुढे आश्रमातच शिकलेल्या पार्वतीबाई आठवले वर्गणीसाठी हिंडल्या. १९१८ साली तर जुजबी इंग्रजीवर थेट अमेरिकेला गेल्या. (मला इथे डच बोलताना अजून घाम फुटतो!)

आपली अडचण शिक्षकांची. दोघे जण भारतात परतल्याने पुढच्या सत्राला मी एकटाच उरतो. महिन्यातून एक रविवार देऊ शकणाऱ्यांनी दिवाळीच्या कार्यक्रमात मला जरूर भेटावे. नुसती गोष्ट सांगता आली तरी चालेल, व्याकरणाचे मी पाहीन.