गेम बनवणारे सगळे 'गीक'च असतात का? आणि या समजाचा फायदा नक्की कोणाला?

खेड तालुक्यातल्या लोटेमध्ये 'पोरगा कंपनीत लागला' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. महामार्गालगतची एमआयडीसी, केमिकलचा प्लांट, शिफ्ट ड्युटी. पण तिथल्याच एखाद्या मुलीने 'मला व्हिडिओ गेम बनवायचेत' असं घरी सांगितलं तर? डोळ्यांसमोर येतो जाड चष्मा, हुडी, अंधारी खोली आणि रात्रभर चालू असलेला कॉम्प्युटर. समोर बसलेला बहुतेक वेळा मुलगाच. थोडक्यात, 'गीक'.

हा शब्द मुळात शिवीसारखाच होता. अमेरिकेतल्या जत्रांमध्ये जिवंत कोंबडीचं मुंडकं दातांनी तोडून दाखवणाऱ्याला गीक म्हणायचे! पुढे तो विक्षिप्त माणसांना चिकटला आणि कॉम्प्युटरवेड्यांनी तर तो अभिमानाने मिरवला.

पण गेम म्हणजे मुलांचं काम, हे सुरुवातीपासून ठरलेलं नव्हतं. 'मिस्टरी हाऊस' (१९८०) रॉबर्टा विल्यम्स यांनी पतीसोबत बनवला, तर 'रिव्हर रेड' (१९८२) कॅरोल शॉ यांनी. १९८३ मध्ये अमेरिकेत गेमचा बाजार कोसळला. त्यानंतर गेम खेळणी म्हणून विकले जाऊ लागले, आणि खेळण्यांच्या दुकानात मुलांचं कपाट वेगळं, मुलींचं वेगळं. गेम मुलांच्या कपाटात गेले, जाहिरातीही त्यांच्यासाठीच झाल्या. तीच मुलं मोठी होऊन गेम बनवू लागली.

प्रत्यक्षात एका गेममागे प्रोग्रॅमरइतकेच चित्रकार, अ‍ॅनिमेटर, लेखक, साउंड डिझायनर आणि टेस्टर असतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (२०२०) घ्या. त्याची नायिका मुलगी, गोष्ट पुराणातल्या देव-दानवांची, वास्तू राजस्थानी धाटणीच्या, मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेले. कलेची बाजू सांभाळली सहसंस्थापक श्रुती घोष यांनी. 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पहिल्या गेमसाठीच्या विभागात त्याला नामांकन मिळालं. नुसत्या कोडिंगवर हे झालं नसतं.

आता खरा मुद्दा. 'गेमवेड्याला कामाचे तास कळतच नाहीत' हा समज मालकाच्या सोयीचा आहे. २००४ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या अमेरिकन कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याच्या होणाऱ्या बायकोने इंटरनेटवर निनावी पत्र लिहिलं. आठवड्याचे सातही दिवस, तब्बल ८५ तास काम आणि ओव्हरटाइमचा पैसा शून्य. पुढे कलाकार आणि प्रोग्रॅमर यांच्या दाव्यांत कंपनीने मिळून सुमारे ३ कोटी डॉलर मोजून तडजोड केली. या धंद्यात अशा जादा कामाला 'क्रंच' म्हणतात आणि ते अजून संपलेलं नाही.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने जादा तासाला दुप्पट दर ठरवून दिला. (कंत्राटी कामगाराच्या हातात तो किती पडतो, हा वेगळा विषय.) प्लांटवरच्या ऑपरेटरला 'तुला केमिकलची आवड आहे ना, मग थांब' असं कोणी म्हणत नाही. स्टुडिओत मात्र 'पॅशन' हा शब्द नेमका इथेच कामाला येतो.

त्यामुळे स्टुडिओत मुलाखतीला जाताना पगाराइतकेच तासही विचारून घ्यावेत. तिथे आपण किती तास गेम खेळतो यापेक्षा पोर्टफोलिओ महत्त्वाचा, म्हणजे स्वतः केलेली चित्रं, अ‍ॅनिमेशन किंवा छोटा पण पूर्ण झालेला गेम. त्यासाठी लागणारी ब्लेंडर आणि गोडो ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. लाखांचा कोर्स लावण्याआधी दोन-तीन महिने त्यांवर हात चालवून पाहता येतो, अगदी लोटेत बसूनही. नोकरीसाठी मात्र सध्या तरी पुणे-मुंबई गाठावीच लागते.