कान वाजतो तेव्हा

घर निजलं की कुणाच्या कानात रातकिडे सुरू होतात, कुणाला शिटी ऐकू येते, कुणाला नुसतं ‘सूं’. बाहेर आवाज नसताना ऐकू येणारा हा आवाज म्हणजे कर्णनाद, डॉक्टरांच्या भाषेत टिनिटस.

गैरसमज : दोष कानात आहे, कोमट तेल घाला.

मोठ्या आवाजाने किंवा वयोमानाने आतल्या कानातल्या केसपेशी मरतात आणि मेंदूकडे जाणारे संकेत घटतात. ती तूट भरून काढायला मेंदू स्वतःची संवेदनशीलता वाढवतो आणि त्यातून हा नाद उमटतो, असं आज बहुतेक संशोधक मानतात. श्रवणाची नस कापावी लागलेल्या अनेक रुग्णांचा नाद नंतरही थांबलेला नाही. म्हणजे नाद उमटतो तो मेंदूत, आणि तेल तिथवर पोचतच नाही. पडद्याला भोक असेल तर उलट अपाय होतो. मळ साचल्यानेही कान वाजतो, पण तो डॉक्टरांकडूनच काढावा.

गैरसमज : शांत खोलीत पडलं की बरं वाटतं.

हेलर आणि बर्गमन या अमेरिकी संशोधकांनी १९५३ मध्ये चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं. त्यांतल्या ९४ टक्के लोकांना कसले ना कसले आवाज ऐकू आले! शांततेत नाद ठळक होतो. रात्री पंखा किंवा मंद लावलेला रेडिओ असू द्यावा.

गैरसमज : याला इलाज नाही, सवय करून घ्या.

सर्वांत जास्त नुकसान याच वाक्याने केलं आहे. नाद पुसून टाकणारी गोळी नाही, हे खरं. जिंको या झाडाच्या अर्काच्या गोळ्यांचाही उपयोग सिद्ध झालेला नाही. पण ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने अनेकांना आराम पडतो. नादाची धास्ती आणि त्याने होणारा त्रास संज्ञानात्मक वर्तनोपचाराने, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराने, कमी होतो, याचे भक्कम पुरावे आहेत. म्हणून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करून घ्या.

एकाच कानात नाद असेल किंवा तो नाडीच्या ठोक्यावर वाजत असेल, तर तपासणी टाळू नका. एकाएकी ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. उपचाराला उशीर झाला की गेलेलं ऐकणं परत येण्याची शक्यता घटते.

आणि ढोल-ताशा पथकांतल्या मुलामुलींनो, ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा मानतात. दर तीन डेसिबलला ती निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. सरावालाही इअरप्लग घाला.