‘थांबा’ : नाम की क्रियापद?

(लेखमाला – भाग ६)

एसटीच्या मार्गावर रस्त्याकडेला ‘विनंती थांबा’ अशी पाटी असते. उमरग्याहून सोलापूरकडे निघालेल्या गाडीत एखादा प्रवासी घाईघाईने उठतो आणि ओरडतो, “थांबा!” शब्द तोच. पण पाटीवर तो नाम आहे आणि प्रवाशाच्या तोंडी क्रियापद. पाटीवरच्या शब्दाला ‘वर’ जोडून पाहा : थांब्यावर. प्रवाशाच्या हाकेला असं काही जोडता येत नाही. ‘थांबा’चं ‘थांब्या’ झालं, ‘उमरग्याला’ म्हणताना ‘उमरगा’चं ‘उमरग्या’ होतं, हेच नामाचं सामान्यरूप. मराठी नाम अशी आपली खूण अंगावर बाळगतं.

इंग्रजीत ही खूण जवळजवळ नाहीच. ‘टू उमरगा’ म्हणा, ‘फ्रॉम उमरगा’ म्हणा, उमरगा जसाच्या तसा. ‘स्टॉप’ म्हणजे थांबा आणि ‘स्टॉप’ म्हणजे थांबणंही. तरी ‘अधोरेखित शब्दाची जात ओळखा’ असा प्रश्न आला की आपली मुलं आधी अर्थ आठवतात, आणि माझ्या मते गाडी तिथेच घसरते. ‘व्यक्ती, वस्तू, स्थळ किंवा गुण यांचं नाव ते नाम’ ही व्याख्या खोटी नाही, पण इंग्रजी वाक्यापुढे ती अपुरी पडते. तिथे शब्द कुठे बसलाय आणि त्याच्या शेजारी कोण आहे, हे आधी पाहावं लागतं.

‘द स्टॉप इज निअर द टेम्पल’ : आधी ‘द’ आहे, म्हणून नाम. ‘वी स्टॉप हिअर’ : आधी कर्ता ‘वी’ आहे, म्हणून क्रियापद. ‘अ’, ‘द’, ‘माय’ यांच्यामागून नाम येतं; मध्ये विशेषणही घुसू शकतं, जसं ‘अ स्मॉल स्टॉप’.

आता खरी अडचण. ‘द बस स्टॉप्स…’ एवढंच म्हणून मी गप्प बसलो, तर ‘स्टॉप्स’ची जात कुणालाच सांगता येणार नाही. पुढे ‘आर न्यू’ आलं तर ते अनेकवचनी नाम : बसथांबे नवे आहेत. पुढे नुसतं ‘हिअर’ येऊन वाक्य संपलं तर क्रियापद : बस इथे थांबते. शेवटचा ‘स’ एकच, पण नामाला लागला की वस्तू अनेक होतात आणि क्रियापदाला लागला की कर्ता एकच असतो. हा उलटा हिशेब मुलांना नीट उलगडून सांगायला हवा. वर्गात यावर अख्खा तास गेला तरी तो वाया जात नाही.

‘स्टॉपिंग’चंही तसंच. ‘द बस इज स्टॉपिंग’ म्हणजे बस थांबतेय, हे क्रियापद. पण ‘स्टॉपिंग हिअर इज फॉरबिडन’ मराठीत आणा : इथे थांबण्यास मनाई आहे. ‘थांबणे’ला विभक्ती लागली, म्हणजे हे धातुसाधित नाम. मराठी अशी मदतीला येते. मात्र आंधळा भरवसा नको. ‘ही हेल्प्स मी’चं मराठी ‘तो मला मदत करतो’. इथे आपल्याकडे ‘मदत’ हे नाम आलं, तरी ‘हेल्प्स’ क्रियापदच राहतं.

शब्दांच्या जाती आठच का, हेही मुलं विचारतात. आठ हा आकडा सगळीकडचा नाही. निरुक्तकार यास्काने चार मानल्या : नाम, आख्यात (म्हणजे क्रियापद), उपसर्ग, निपात. अरबी परंपरेतून उर्दूत तीन आल्या : इस्म (नाम), फेल (क्रियापद), हर्फ (अव्यय). सप्टेंबर १९४८ पर्यंत उमरगा निजामाच्या राज्यात होतं आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, त्यामुळे इथल्या जुन्या शिकलेल्या माणसांना हे तीन शब्द परके नव्हते. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, तेव्हा त्यांच्यासमोर इंग्रजी व्याकरणाचा साचा होता. त्यामुळे ज्या मुलीला नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी हे पाठ आहे, तिला इंग्रजीतली वर्गवारी बव्हंशी आधीच येते. फक्त तिकडची नावं वेगळी आहेत, आणि आपलं शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येतं, त्यांचं नामाच्या आधी बसतं.

पुढच्या आठवड्यात विशेषण घेऊ. तोवर हे वाक्य वहीत उतरवा : ‘फार्मर्स वॉटर द फील्ड्स विथ वॉटर फ्रॉम द वेल.’ दोन्ही ‘वॉटर’च्या जाती लिहा. मग ‘शी सिंग्ज वेल’ हे वाक्य त्याखाली लिहा आणि पहिल्या वाक्यातला ‘वेल’ म्हणजे विहीर, हे कोणत्या शेजारच्या शब्दाने सांगितलं, त्याखाली रेघ मारा.