सायकल-भ्रमण, खानदेशातील

सायकल-भ्रमण, खानदेशातील : जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या सपाट किंवा सौम्य चढउतारांच्या प्रदेशातून, मुख्यतः गाडवाटा, शिवाररस्ते व पाटाकाठच्या वाटांनी, ऐतिहासिक गावे पाहत सायकलीवरून केलेला प्रवास. खानदेशातील अनेक जुनी ठाणी नद्यांच्या काठी व जुन्या व्यापारी मार्गांवर वसलेली आहेत. लोहमार्ग व राष्ट्रीय महामार्ग यांनी त्यांपैकी बऱ्याच ठाण्यांना बाजूस टाकले. त्यामुळे मोटारीने जाणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीस ती सहसा पडत नाहीत आणि पायी जाणाऱ्यास त्यांच्यामधील अंतरे फार वाटतात. दिवसाकाठी ४०–६० किमी. मजल मारणाऱ्या सायकलस्वारास मात्र ही अंतरे सोयीची आहेत. ह्या भ्रमणाचे भवितव्य गावांना जोडणाऱ्या जुन्या वाटा टिकून राहण्यावर अवलंबून आहे.

साधन व त्याचा विकास : जर्मनीत कार्ल फोन ड्राइस ह्याने १८१७ मध्ये पायाने जमीन रेटून चालवावयाची दुचाकी तयार केली. पॅरिसमध्ये १८६० नंतरच्या दशकात तिच्या पुढच्या चाकास पायटे बसविण्यात आले. जॉन केम्प स्टार्ली ह्याची साखळीची सायकल (१८८५) व जॉन बॉइड डनलॉप ह्याची हवा भरलेली धाव (१८८८) यांमुळे आजच्या सायकलीचे स्वरूप निश्चित झाले. सायकलीवरून देशदर्शन करणाऱ्यांची संस्था इंग्लंडमध्ये १८७८ मध्येच स्थापन झाली होती. मुंबईच्या आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा ह्या पारशी तरुणांनी १९२३–२८ ह्या काळात सायकलीवरून जगप्रवास पूर्ण केला.

खडबडीत वाटांवर चालणाऱ्या माउंटन बाइक ह्या प्रकाराचा उगम कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात १९७० नंतर झाला. तेथील तरुण रुंद धावांच्या जुन्या, जड सायकली डोंगरउतारांवर चालवीत. पुढे जो ब्रीझ, टॉम रिची इत्यादींनी अशा वापरासाठी खास सांगाडे बनविले व १९८१ पासून त्यांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन होऊ लागले. ह्या प्रकारची अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९० मध्ये सुरू झाली व १९९६ मध्ये अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत तिचा समावेश झाला. रुंद व खाचेदार धावा, चढासाठी हलके गिअर, सरळ मूठदांडा, प्रभावी ब्रेक व बहुधा पुढील चाकास धक्काशोषक ही ह्या सायकलीची वैशिष्ट्ये होत. खानदेशातील मैदानी वाटांना तिची सर्व सामग्री आवश्यक नसते. परंतु रुंद धावा व हलके गिअर यांचा नाल्यांच्या उतारांवर व रेताड पात्रांत निश्चित उपयोग होतो.

खानदेशात सायकल प्रथम हौसेचे व नंतर नित्य व्यवहाराचे वाहन झाले. स्वातंत्र्योत्तर काळात सोनीपत, लुधियाना इ. ठिकाणी उत्पादन वाढल्यावर काळ्या रंगाची, मागे कॅरिअर असलेली साधी सायकल शेतकरी, शिक्षक, टपालवाला व गवळी यांच्या हाती आली. तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने तालुक्याच्या गावी असत. नगरपालिका सायकलीवर कर आकारून पितळी बिल्ला देत. दुधाचे कॅन किंवा चाऱ्याचा भारा लादून हीच सायकल गाडवाटेने चालत असे. म्हणजे रानवाटेवरील सायकल ह्या प्रदेशास विदेशी प्रकार येण्यापूर्वीच परिचित होती.

भूप्रदेश : उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याची रांग व नैर्ऋत्येस गाळणा टेकड्या यांच्यामध्ये तापीचे खोरे पसरले आहे. दक्षिणेकडून वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा व बुराई ह्या नद्या तापीस मिळतात. चाळीसगाव सु. ३४० मी., तर जळगाव सु. २१० मी. उंचीवर आहे. दोहोंमधील लोहमार्गाचे अंतर सु. ९० किमी. असल्याने सरासरी उतार दर किमी.ला दीड मीटरच्या आसपास पडतो. हा उतार डोळ्यांस जाणवत नाही, परंतु सायकलस्वाराच्या पायांस जाणवतो. म्हणून नदीच्या प्रवाहाबरोबर उत्तरेकडे जाणे सुकर ठरते. तापीलगत मात्र गाळाची जमीन पावसाने कोरली जाऊन खोल घळी निर्माण झाल्या आहेत. तेथे वाट अचानक खाली उतरते व नाला ओलांडून तितक्याच तीव्र चढाने वर येते. मैदानातील खरी कसोटी ह्याच ठिकाणी लागते.

गिरणाकाठ : चाळीसगावच्या दक्षिणेस डोंगराच्या कुशीत पाटणादेवी हे स्थान आहे. येथील इ. स. १२०६-०७ च्या सुमाराच्या शिलालेखात, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याचा व निकुंभ राजांनी त्यास दान दिल्याचा उल्लेख आहे. डॉ. भाऊ दाजी यांनी हा लेख अभ्यासकांच्या नजरेस आणला. हा परिसर गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात (घोषित १९८६) मोडत असल्याने वनखात्याने खुल्या ठेवलेल्या मार्गानेच जावे लागते. चाळीसगावजवळच्या वाघळी येथे शके ९९१ (इ. स. १०६९) चा शिलालेख असलेले मंदिर आहे. गिरणेकाठच्या बहाळ येथील उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे अवशेष मिळाले. एका दिवसाच्या वाटेवर आद्य शेतकरी, यादवकालीन विद्यापीठ व आजचे कापसाचे शिवार असा दीर्घ काल एकत्र आढळतो.

बोरीकाठ व मध्यभाग : जळगावलगतचे आसोदे हे कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे जन्मगाव. एरंडोलजवळ पद्मालय येथे कमळांच्या तलावाकाठी गणपतीचे देवस्थान आहे. तेथे डाव्या व उजव्या सोंडेच्या अशा दोन मूर्ती शेजारी शेजारी आहेत. पारोळे येथील भुईकोट किल्ला १७२७ मध्ये जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी बांधला. झाशीच्या नेवाळकर घराण्याचा पारोळ्याशी संबंध होता. १८५९ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला जप्त केला. उत्तरेस बोरी नदीवर अमळनेर वसले असून संत सखाराम महाराजांची समाधी, १९१६ मध्ये स्थापन झालेले तत्त्वज्ञान मंदिर व साने गुरुजींनी ज्या शाळेत १९२४–३० ह्या काळात अध्यापन केले ती शाळा, ही तेथील प्रेक्षणीय स्थळे होत.

तापी-पूर्णा संगम व उत्तर तीर : संगमावरील चांगदेव येथील हेमाडपंती मंदिर केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. जवळच मुक्ताईनगर (पूर्वीचे एदलाबाद) व कोथळी येथील संत मुक्ताबाईंचे स्थान आहे. तापीच्या उत्तरेस सावदा, फैजपूर व यावल ह्या भागात केळीच्या बागांमधून सपाट रस्ते जातात. काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली फैजपूर येथे भरले. अधिवेशनासाठी उभारलेल्या टिळकनगराची सजावट चित्रकार नंदलाल बोस यांनी स्थानिक साहित्य वापरून केली होती.

पांझरा खोरे व थाळनेर : साक्री व धुळे तालुक्यांत पांझरेवर एकाखाली एक बंधारे बांधून पाटाने पाणी देण्याची फड पद्धती कित्येक शतके चालत आली. बंधाऱ्याखालील जमीन तीन-चार फडांत विभागून प्रत्येक फडात एकच पीक घेतले जाई. पाणीवाटप पाटकऱ्याकडे असून त्याचा मोबदला लाभधारक शेतकरी देत. पाटाच्या देखरेखीसाठी राखलेली काठावरची वाट झाडांच्या सावलीची व जवळजवळ समपातळीची असते. सायकलीस ह्याहून अनुकूल मार्ग ह्या प्रदेशात दुसरा नाही. मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात १८८४ मध्ये रुजू झालेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे पांझरा खोऱ्यातील जलवाहिनीचे काम हे त्यांच्या आरंभीच्या कामांपैकी एक होय. साक्री तालुक्यातच भामेरचा किल्ला व बळसाणे येथील प्राचीन मंदिरे आहेत.

धुळ्यास इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या नावाचे संशोधन मंडळ (स्थापना १९२७) आहे. दक्षिणेस लळिंगचा व उत्तरेस सोनगीरचा किल्ला आहे. सोनगीर तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तापीच्या उत्तर तीरावरील थाळनेर ही फारूकी घराण्याची पहिली राजधानी. तेथे फारूकी राजांच्या कबरी आहेत. १८१८ मध्ये इंग्रजांनी थाळनेरचा किल्ला घेतला, तेव्हा किल्लेदारास फाशी देण्यात आले व शिबंदीची कत्तल झाली. आग्रा रोडवरून जाणाऱ्या बहुसंख्य प्रवाशांना ही एके काळची राजधानी काही कोसांवर असल्याचे कळतही नाही.

हंगाम व अडचणी : नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य होय. मे महिन्यात जळगाव-भुसावळ भागातील तापमान ४५° से. च्या वर जाते. अशा वेळी सकाळी नऊनंतर सायकल चालविणे धोक्याचे ठरते. पावसाळ्यात काळी चिकणमाती धावेस व चिमट्यास चिकटून चाक फिरेनासे होते. बाभूळ, हिवर व वेडी बाभूळ यांचे काटे ही कायमची अडचण असून बांधावरून कापलेल्या फांद्या वाटेवर पडल्यास एका दिवसात अनेकदा पंक्चर होते. जादा नळी, रबराची ठिगळे, सोल्यूशन व पंप ही सामग्री सोबत असावी लागते. वाट विचारताना अहिराणी, तर पूर्व भागात लेवा बोली कानी पडते. अंतर मात्र बहुधा फाटा, नाला व शिवार ह्यांच्या खुणांनी सांगितले जाते.

सद्यःस्थिती : विसाव्या शतकाच्या अखेरीपासून मोटारसायकलीच्या प्रसारामुळे साधी सायकल ग्रामीण व्यवहारातून मागे पडली. शासनाने मानव विकास कार्यक्रमाखाली विद्यार्थिनींना सायकली दिल्याने शाळेच्या वाटेवर ती टिकून राहिली. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेने (२०००) अनेक गाडवाटा पक्क्या झाल्या. त्याने गावांची सोय झाली व सायकलस्वारासही चिखलापासून सुटका मिळाली. परंतु त्याच रस्त्यांवर जलद वाहनांची वर्दळही वाढली. चौपदरी महामार्गांवर सायकलीस सुरक्षित जागा क्वचितच उरते. विहिरींचा उपसा व नदीच्या वरच्या भागात अडविलेले पाणी यांमुळे फड पद्धतीचा ऱ्हास होत असून पाटाची देखभाल थांबली, की त्याच्या काठची वाटही काटेरी झुडपांखाली नाहीशी होते. संरक्षित स्मारकाची वास्तू कायद्याने राखता येते. तिच्याकडे नेणाऱ्या वाटेस मात्र असे संरक्षण नसते. ती नित्याच्या वापरानेच टिकते. शेतकऱ्याच्या बैलगाडीनंतर आणि शाळकरी मुलीच्या सायकलीबरोबर भ्रमण करणाऱ्यांची चाकेही त्या वाटेवर फिरत राहणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.